ठाण्यातल्या बँकांच्या काउंटरवर बसणाऱ्यांना: प्रश्न खातेदारालाच विचारा

प्रति,
ठाणे शहरातील सर्व बँकांचे शाखाधिकारी, काउंटरवरचे कर्मचारी आणि दारात उभे असणारे सुरक्षारक्षक यांस,

स. न. वि. वि.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. सेरेब्रल पाल्सी असलेली व्यक्ती तुमच्या खिडकीपाशी आली, की जे विचारायचं ते तिलाच विचारा आणि तिचं उत्तर पुरं होईपर्यंत थांबा. सोबतच्या आईला, भावाला किंवा व्हीलचेअर आत आणून देणाऱ्या रिक्षावाल्याला विचारू नका. हे अवघड का जातं, समोरच्या माणसाच्या शरीरात त्या वेळी काय चाललेलं असतं आणि कायदा काय म्हणतो, हे सांगण्यासाठी पुढचं सगळं पत्र आहे. लांबलं तरी वाचा, ही विनंती.

माझा धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे. आम्ही नौपाड्यात राहतो. तो बी.कॉम. आहे, घरी बसून काही छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटीची कामं करतो. त्याला सेरेब्रल पाल्सी, थोडक्यात सीपी, आहे. आपल्या कमाईचे पैसे आपल्याच खात्यात यावेत म्हणून तो ठाण्यातल्या एका बँकेत खातं उघडायला गेला. व्हीलचेअर ढकलायला कोणीतरी लागतं म्हणून मी सोबत होते.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म घेतला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "यांना समजतं का?" उत्तर द्यायला तो पुढे झाला. बोलायचं म्हटलं की त्याचा उजवा हात आपोआप वर जातो, मान मागे ओढली जाते, तोंड एका बाजूला खेचलं जातं आणि आवाज अडकत, तुटत बाहेर येतो. बाईंनी खुर्ची मागे घेतली. रक्षक धावत आला. "त्यांना त्रास होतोय, आधी बाहेर बसवा," असं मला सांगितलं गेलं. त्याला त्रास होत नव्हता. "हो, मला समजतं," एवढंच तो म्हणत होता. थोड्या वेळाने केबिनमधून निरोप आला: गार्डियनशिप सर्टिफिकेट आणा, त्याशिवाय खातं उघडता येणार नाही.

त्या सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे कायदेशीर पालक नेमल्याच्या दाखल्याबद्दल, पुढे लिहिते. आधी त्या वर गेलेल्या हाताबद्दल.

मेंदू अजून घडत असताना, म्हणजे आईच्या पोटात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या त्याच्या भागांना इजा झाली किंवा ते भाग नीट घडलेच नाहीत, तर सेरेब्रल पाल्सी होते. कारणं बरीच आहेत. फार लवकर झालेला जन्म, मेंदूला रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडणं, गर्भात झालेला संसर्ग, तान्हेपणीचा मेंदूज्वर, वेळेत न उतरलेली कावीळ. कित्येकांच्या बाबतीत नेमकं कारण सापडतही नाही. रांगेतल्या बायका माझ्या आईला आजही विचारतात, "पोटुशी असताना ग्रहण पाळलं नव्हतंत का?" ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण हा प्रश्न आईने फार वर्षं ऐकून घेतला आहे. सीपी कोणाला कोणापासून लागत नाही. मेंदूतली मूळ इजाही वाढत जात नाही, पण वयाबरोबर स्नायू आखडतात, सांधे दुखतात, शरीर लवकर थकतं.

भावाची सीपी काविळीतून आली. नवजात बाळांना कावीळ सर्रास होते आणि बहुतेकांची आपोआप किंवा निळ्या दिव्याखाली ठेवल्यावर उतरते. रक्तातलं बिलिरुबिन फारच वाढलं तर मात्र ते मेंदूत शिरतं आणि खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या भागाला इजा करतं. हव्या त्या हालचाली पुढे जाऊ देणं आणि नको त्या थोपवणं, हे त्या भागाचं काम. तुम्ही पेन उचलता तेव्हा फक्त हात पुढे जातो, कारण बाकीच्या स्नायूंना गप्प राहण्याचा हुकूम मिळालेला असतो. भावाच्या शरीरात तो हुकूम पोचत नाही. पेन उचलायचं मनात आलं की खांदा, मान, जबडा, पाय सगळेच कामाला लागतात. झोपेत हे शांत होतं. जागेपणी जितका प्रयत्न जास्त, जितकं दडपण जास्त, तितकं ते वाढतं. कोणी टक लावून बघितलं की वाढतं, मागून "लवकर आटपा हो" आलं की वाढतं. म्हणजे तुमच्या खिडकीसमोर तो जसा दिसतो तसा तो दिवसभर नसतो. तिथे तो सगळ्यात जास्त वाकडातिकडा झालेला असतो.

सगळ्यांची सीपी अशी नसते. सुमारे ८० टक्के लोकांची स्पास्टिक प्रकारची असते. त्यांचे स्नायू आवळलेले राहतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, गुडघे एकमेकांवर घासतात, अंगठा मुठीत दुमडला जातो. कोणाची एकच बाजू, कोणाचे मुख्यतः पाय, कोणाचे चारही हातपाय. थोड्या जणांचा तोल सांभाळणारा भाग बिघडलेला असतो. त्यांचे पाय फाकलेले पडतात, वस्तू घ्यायला गेलेला हात थरथरतो. असा माणूस संध्याकाळी स्टेशनबाहेरून चालत निघाला की लोक त्याला प्यायलेला समजून बाजूला होतात, आणि बँकेच्या दारातला रक्षकही हीच चूक करू शकतो. रक्षकांना कळकळीने सांगते, वास घेण्याआधी, हटकण्याआधी, "कुठे जायचंय आपल्याला?" एवढं विचारा. उत्तर कसंही उच्चारलेलं असो, त्यात अर्थ असेल.

तुमच्या शाखेतल्या काही साध्या गोष्टी सीपी असलेल्या शरीरावर कशा आदळतात तेही सांगते, कारण बाहेरून त्या लक्षात येत नाहीत. रबरी शिक्का टेबलावर दणकन आपटला की भाऊ अख्खा उडतो. तान्ही बाळं आवाजाने दचकतात ती प्रतिक्रिया आपल्यात पुढे मावळते, सीपी असलेल्या अनेकांत ती राहून जाते. तो घाबरट नाही, शिक्का कधी पडणार हे दिसत असतानाही त्याचं शरीर दचकतं. एसीचा गार झोत थेट अंगावर आला की आवळलेले स्नायू आणखी आवळतात. टोकनचा आकडा दाखवणारा बोर्ड तुम्ही छताजवळ लावता. बिलिरुबिनमुळे मेंदूला इजा झालेल्यांना डोळे वर फिरवायला बहुधा जड जातं. भावाला तो आकडा वाचायचा तर अख्खं डोकं मागे टाकावं लागतं, आणि डोकं मागे गेलं की पाठ, पाय सगळं ताठ होऊन तो खुर्चीतून पुढे घसरतो. टोकनचा नंबर तोंडाने पुकारला तर हे सगळं टळतं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येते, कारण गिळण्याचे स्नायू हवे तेव्हा हवे तसे चालत नाहीत. तिचा बुद्धीशी संबंध नाही. ताण आला की त्याचा चेहरा हसल्यासारखा होतो, तेव्हा तो तुमच्यावर हसत नसतो.

आणि मोठ्याने ओरडून बोलू नका. काविळीच्या इजेत काहींच्या ऐकण्यावर परिणाम होतो हे खरं, पण भावाला तुमच्या-माझ्याइतकं ऐकू येतं. शेजारच्या खिडकीतून "ह्यांचं काय डोक्याचं आहे का?" असं कुजबुजलेलंसुद्धा.

आता बोलण्याविषयी, कारण बँकेत सगळं तिथेच अडतं.

बोलायला छातीतली हवा बेताबेताने सोडावी लागते, स्वरतंतू नेमक्या क्षणी जुळावे लागतात, जीभ, ओठ, टाळू, जबडा यांनी सेकंदाच्या छोट्याशा भागात जागा बदलाव्या लागतात. हीसुद्धा हालचालच आहे, आणि शरीरातली फार नाजूक हालचाल आहे. ज्या बिघाडामुळे पेन धरता येत नाही, त्याच बिघाडामुळे शब्द धरता येत नाही. वाक्य डोक्यात तयार असतं. व्याकरण, हिशेब, रागलोभ सगळं जागेवर असतं, फक्त बाहेर यायची वाट खडतर असते. डॉक्टरांनी हे फार आधी ओळखलं आहे. सीपीची तीव्रता मोजायला ते एकच माप वापरत नाहीत. फिरण्याच्या क्षमतेसाठी पाच पायऱ्यांची एक पद्धत १९९७ साली आली, हातांच्या कामासाठी दुसरी २००६ मध्ये, आणि इतरांशी संवाद साधण्यासाठी तिसरी २०११ मध्ये. तीन वेगळ्या पद्धती लागल्या, कारण चालण्यावरून हातांचा अंदाज येत नाही आणि या दोन्हींवरून संवादाचा येत नाही. यातलं कुठलंच माप बुद्धीचं नाही. तुम्ही मात्र एका नजरेत, व्हीलचेअर पाहून, चारही गोष्टी ठरवून मोकळे होता.

२०१२ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सीपी असलेल्या चौघांपैकी एकाला बोलता येत नाही, तिघांपैकी एकाला चालता येत नाही, चौघांपैकी तिघांना वेदना असतात, आणि दोघांपैकी एकाला बौद्धिक अक्षमता असते, असं त्यात दिसलं. हा शेवटचा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. निम्म्या लोकांना बौद्धिक अक्षमता नसते. ज्या निम्म्यांना असते त्यांची तीव्रताही वेगवेगळी असते, आणि त्यांनाही प्रश्न त्यांनाच विचारायचा असतो, सोप्या शब्दांत, एका वेळी एक. माझा भाऊ बी.कॉम. आहे म्हणून त्याला मान द्या, असं मला अजिबात म्हणायचं नाही. तो शाळेतच गेला नसता तरी पत्र हेच असतं.

तो बोलतो कसा, ते सांगते. घरच्यांना त्याचं बोलणं कळतं. नवख्या माणसासाठी त्याच्या व्हीलचेअरच्या ट्रेवर लॅमिनेट केलेला तक्ता असतो. त्यावर मुळाक्षरं, काना-मात्रा, आकडे, आणि "मी पुन्हा सांगतो", "तुम्ही चुकीचं समजलात", "जरा थांबा" अशी काही तयार वाक्यं आहेत. डाव्या हाताची मूठ त्यातल्या त्यात स्थिर आहे, त्या मुठीने तो अक्षर दाखवतो. वेळ वाचावा म्हणून प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर दाखवतो आणि मग तो शब्द तोंडाने म्हणतो. "ख" दाखवून "खातं" म्हटलं की ऐकणाऱ्याचा अंदाज एकदम बरोबर येऊ लागतो. ही स्पीच थेरपीतली मान्य पद्धत आहे. "हो" म्हणायचं तर तो डोळे घट्ट मिटतो, "नाही"साठी मान डावीकडे वळवतो. दुसऱ्या कोणाच्या खुणा वेगळ्या असतील, म्हणून पहिलाच प्रश्न हा असावा: "तुम्ही हो कसं म्हणता, नाही कसं म्हणता?" काही जण टॅबवर चित्रं दाबून बोलतात. पवईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' नावाचं मोफत ॲप आहे, ते मराठीतही आहे, आणि लहान मुलं ते वापरतात. तेव्हा शाखेत मोबाईल वापरायला बंदी असली, तरी समोरच्याच्या हातातला मोबाईल हा त्याचा आवाज आहे का, ते आधी विचारा. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच बोलण्याची अशी पर्यायी आणि पूरक साधनं धरलेली आहेत.

मग तुम्ही काय करायचं? काउंटरमागून बाहेर येऊन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, निदान पुढे झुका. प्रश्न विचारला की गप्प राहा. ही शांतता तुम्हाला जड वाटेल, मागच्या रांगेलाही वाटेल, पण त्या वेळात तो रिकामा बसलेला नसतो, श्वास आणि जीभ जुळवत असतो. मध्येच दुसरा प्रश्न टाकलात तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कळलं नाही तर "कळलं नाही" म्हणा. सगळ्यात वाईट म्हणजे न कळता "हो हो" म्हणून मान हलवणं. पैशाच्या व्यवहारात तर ते धोक्याचंच. जेवढं कळलं तेवढं परत म्हणून दाखवा: "तुम्हाला एफडी मोडायची आहे इथपर्यंत समजलं, पुढचं सांगा." वाक्य पुरं करून देण्याची घाई करू नका. काहींना ते आवडतं, काहींना नाही, विचारून घ्या. हे पत्र वाचून भावाने एक गोष्ट घालायला सांगितली. सोबतच्या बहिणीला "अहो मॅडम" आणि त्याला "बाळा" किंवा "काय रे", असं करू नका. सव्वीस वर्षांच्या बाकीच्या खातेदारांना जसं "अहो" म्हणता तसंच त्यालाही म्हणा.

सोबतच्या माणसाला विचारणं सोयीचं वाटतं, पण त्यातला धोका तुम्ही बँकेची माणसं असून तुमच्या ध्यानात कसा येत नाही, याचं मला खरोखर नवल वाटतं. मी त्याची बहीण आहे हे तुम्ही माझ्या तोंडून ऐकलेलं असतं, त्याच्या नाही. त्याच्या शिल्लकीचा आकडा तुम्ही मला मोठ्याने सांगता. त्याच्या एफडीच्या नॉमिनीचं नाव माझ्याकडून लिहून घेता. उद्या एखादा काका, एखादा शेजारी असाच सोबत आला आणि खातं रिकामं करून गेला, तर त्या माणसाला हरकत घेता येईल असा एकही क्षण तुम्ही ठेवलेला नसतो. खातेदाराला विचारणं हा सौजन्याचा भाग आहेच, त्याहून जास्त तो सुरक्षिततेचा नियम आहे. माझ्या भावाच्या खात्यात किती पैसे आहेत हे मला माहीत नसण्याचा त्याला हक्क आहे, आणि मला तो हक्क मोलाचा वाटतो.

आता ते गार्डियनशिप सर्टिफिकेट.

१९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. अठरा वर्षांनंतरही ज्याला आपले निर्णय घेणं शक्य नाही, त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय त्यात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती तो नेमते. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलं आहे की असा पालक असेल तर त्याच्या दाखल्यावर खातं उघडायला आणि चालवायला हरकत नाही. अडलेल्या कुटुंबांसाठी ही सवलत आहे. तुमच्या काही शाखांत ती उलटी वाचली जाते: यादीत सेरेब्रल पाल्सी हे नाव दिसलं, म्हणजे सीपी असलेल्या प्रत्येकाला पालक हवाच. कायद्यात असं कुठेही नाही. उलट त्याच कायद्याचं १४वं कलम समितीला सांगतं की अर्ज आला तर या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि असेल तर कशासाठी, हे आधी पाहा. म्हणजे गरज नसेल तर पालक नेमायचाच नाही. २०१६च्या अधिनियमाचं १३वं कलम आणखी स्पष्ट आहे. मालमत्ता बाळगणं, आपले आर्थिक व्यवहार आपण चालवणं, बँकेचं कर्ज मिळवणं, हे हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आहेत. माझा भाऊ कोर्ट नाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन "मला निर्णय घेता येत नाहीत" असं लिहून देणार नाही. ते खोटं ठरेल.

सहीचंही असंच. त्याची सही दर वेळी वेगळी येते आणि पुढेही तशीच येत राहणार. तुम्ही टेबलावर वाकून "जशी आधी केलीत तशी करा" म्हणालात की आणखी बिघडते. सही करता येत नसलेल्या, आजारी आणि अक्षम खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने जुनी सोय ठेवली आहे. हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, त्याला बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. तेही जमत नसेल तर एखादी खूणही चालते. ठसा घेताना एक सांभाळा. आवळलेली मूठ बोटं ओढून उघडू नका. ओढलं की ती आणखी घट्ट होते आणि दुखते. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं तर बोटं बरीचशी सैल पडतात. हातावर हात ठेवण्याआधी मात्र त्याला विचारा, कुठे धरायचं ते तोच सांगेल.

शिवाय नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने सत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी घरपोच बँकिंगच्या सूचना दिल्या. त्या माहीत असलेला कर्मचारी खिडकीवर भेटला की आम्हाला धीर येतो. तरीही भावाला घरपोच सेवा नको असते. त्याला बँकेत यायचं असतं, गोखले रोडवरून, गर्दीतून, बाकीच्यांसारखं.

यायचं तर आधी आत शिरता यायला हवं. जाळीच्या दाराला साखळी लावून एक माणूस आडवा होऊन शिरेल एवढीच फट तुम्ही ठेवता, त्यातून व्हीलचेअर जात नाही. रॅम्प कुठे कुठे आहेत, पण इतके खडे की चढवताना मी मागे ओढली जाते. प्रमाण १ ला १२ असं आहे, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी. पावसाळ्यात गुळगुळीत फरशीवर पायपुसणं टाकता, ते चाकात अडकतं. एटीएमच्या खोलीत पायरी असते आणि पिन टाकायला तो मूठ नेईपर्यंत यंत्र कार्ड परत करतं.

व्हिडिओ केवायसीत, म्हणजे कॅमेऱ्यासमोर होणाऱ्या ओळख-पडताळणीत, "पापणी मिटा, मान सरळ ठेवा" असं सांगतात. मान सरळ राहत नाही म्हणून अर्ज फेटाळला जातो. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आहे. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन अर्जदारांच्या याचिका होत्या. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पापणी मिटण्याखेरीज दुसरे मार्ग ठेवले पाहिजेत, असं न्यायालयाने सांगितलं. तुमच्या मुख्य कार्यालयाने काय बदललं, ते तुम्ही विचारू शकता. आम्ही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागतो.

हालचालीवरून माणसाला आजारी ठरवण्याची किंमत काय असते, याचं एक उदाहरण देशभर गाजलं आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याच्या जीजा घोष गोव्यातल्या एका परिषदेला निघाल्या होत्या. त्यांना सीपी आहे, आणि त्या याच क्षेत्रात काम करतात. विमानात बसलेल्या असताना त्यांना खाली उतरवलं गेलं. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आमची न्यायालयात जायची ऐपत नाही आणि इच्छाही नाही. माझ्या आईने भावाला कडेवर घेऊन ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी, आणि तिथून हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत अशी वर्षानुवर्षं ये-जा केली आहे. तो खुर्चीत बसू शकतो, मूठ हवी तिथे नेऊ शकतो, त्यामागे तिथल्या थेरपिस्टची आणि आईची मेहनत आहे. आता तिचे गुडघे गेले आहेत. तिला बँकेत रांगेत उभं राहून "माझ्या मुलाला कळतं हो" असं पुन्हा सांगावं लागू नये, एवढीच माझी तळमळ.

भावाचं खातं शेवटी उघडलं, दुसऱ्या एका शाखेत. तिथल्या अधिकाऱ्यांना सीपीबद्दल काही ठाऊक नव्हतं, तसं त्यांनी सांगितलंही. ते काउंटरच्या बाहेर आले, स्टूल ओढून बसले आणि भावाला म्हणाले, "मला कळायला वेळ लागेल, तुम्ही सावकाश सांगा." मला त्यांनी पलीकडच्या बाकावर बसायला सांगितलं. नॉमिनी कोण, कार्ड हवं का, चेकबुक हवं का, एसएमएस कोणत्या नंबरवर पाठवायचे, सगळं त्याला विचारलं. एक शब्द त्यांना काही केल्या लागेना, तेव्हा त्यांनी तक्त्यावर अक्षर अक्षर लावून घेतलं. मागचे लोक कुरकुरले, तर दुसऱ्या खिडकीकडे हात करून त्यांना तिकडे पाठवलं. या कामासाठी त्यांना कुठलंही वेगळं प्रशिक्षण लागलं नाही. इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

म्हणून शाखाधिकाऱ्यांकडे माझं मागणं आहे. रिझर्व्ह बँकेच्या आणि २०१६च्या अधिनियमाच्या या तरतुदी एका कागदावर काढून काउंटरच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे खिडकीवर नवीन माणूस बसला तरी त्याला केबिनमध्ये विचारायला जावं लागणार नाही. पेन्शनची गर्दी सोडून, म्हणजे महिन्याचे पहिले काही दिवस टाळून, दुपारची एखादी शांत वेळ ठरवा आणि ती बाहेर पाटीवर लिहा. मुळाक्षरांचा एक तक्ता शाखेत ठेवा. अर्धांगवायू होऊन वाचा गेलेल्या आजोबांनाही तो उपयोगी पडेल. आणि कोणी पालकत्वाचा दाखला मागितला तर तो कोणत्या नियमाखाली मागितला, हे लेखी देण्याची पद्धत ठेवा.

तुमच्या कर्मचाऱ्यांना हे समोर बसून समजून घ्यायचं असेल तर भाऊ यायला तयार आहे. दुसरा आणि चौथा शनिवार तुमची सुट्टी असते, तेव्हा पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी कामकाज आटोपल्यावर ठेवू या. बोलायला तोच बोलेल, म्हणून तासभर तरी हाताशी ठेवा आणि प्रश्न आधी लिहून पाठवलेत तर तो उत्तरं टाइप करून आणेल. शाखेला पायऱ्या असतील तर तेवढं आधी कळवा, म्हणजे आमच्या इमारतीतली दोन मुलं खुर्ची उचलायला सोबत घेऊन येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका खातेदाराची बहीण
नौपाडा, ठाणे